ताऱ्यांनी काढलेली प्रश्नपत्रिका

फेब्रुवारी २००६. अॅरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या दक्षिणेला, माउंट हॉपकिन्स नावाचा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंचीवर, त्याच्या धारेवर बांधलेल्या एका घुमटात तुम्ही उभे आहात. रात्र झाली आहे आणि आत दुसरं कोणी नाही. घुमटाची झडप आपोआप सरकते. १.३ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण कोणाचाही हात न लागता वळते, थबकते, आठेक सेकंद एका जागी रोखून बघते, केसभर बाजूला सरकते आणि पुन्हा बघते. आकाश निवळलं आहे का, वारा किती आहे, आता कोणाची पाळी, हे सगळं संगणक ठरवतो. दुर्बिणीचं नाव पेअरिटेल. तिच्या मागे बसवलेला कॅमेरा तुमच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, एकाच वेळी तीन तरंगलांबींवर, चित्रं घेतो.

आज ती अरुंधती-केश तारकासमूहाकडे वळली आहे. तिथे एम १०० नावाची सर्पिल दीर्घिका आहे, साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. याच महिन्यात त्या दीर्घिकेत एक नवा ठिपका, म्हणजे स्फोटात उधळलेला एक तारा, अतिनवतारा, उगवला आणि त्याला एसएन २००६एक्स हे नाव मिळालं. साध्या दृश्य प्रकाशात तो लालसर आणि मलूल दिसतो, कारण वाटेत त्याच दीर्घिकेतली दाट धूळ आहे. अवरक्त लहरी लांब असतात, धूळ त्यांना फारशी अडवू शकत नाही. त्यामुळे या रिकाम्या घुमटातल्या कॅमेऱ्यात तो आपल्या खऱ्या तेजाच्या बराच जवळ दिसतो.

ही चित्रं पोचणार आहेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला. हार्वर्डमध्ये रॉबर्ट किर्शनर यांच्या गटात अँड्र्यू फ्रीडमन नावाचे तरुण संशोधक पीएचडी करत आहेत. पुढची बारा वर्षं तुम्ही त्यांच्या कामाच्या मागावर राहणार आहात. हे काम अतिनवताऱ्यांपासून निघतं आणि पुंज यांत्रिकीच्या सगळ्यात अवघड प्रश्नापाशी पोचतं. ऐकणाऱ्याला ही विषयांतराची मोठी उडी वाटते. मला तसं वाटत नाही. का, ते पाहण्यासाठी आधी त्या ठिपक्याच्या आत जायला हवं.

तर साडेपाच कोटी वर्षं मागे चला. पृथ्वी ओलांडताना खाली नजर टाका. सह्याद्रीचा काळा खडक ज्या लाव्ह्यातून झाला तो लाव्हा थंड होऊन कोटीभर वर्षं उलटली आहेत आणि भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकतो आहे. माणूस यायला अजून फार अवकाश आहे. तुम्ही मात्र एम १०० मध्ये पोचता, एका श्वेतबटू ताऱ्यापाशी.

आकाराने तो पृथ्वीएवढा आहे आणि वजनाने सूर्याहून भारी. त्यात कार्बन आहे, ऑक्सिजन आहे, पण जळण कधीच थांबलेलं आहे. आतून रेटा देणारी आग नसताना हा गोळा स्वतःच्या भाराखाली चुरून का जात नाही? त्याला सावरून धरतात ते त्यातले इलेक्ट्रॉन. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पुंज यांत्रिकीचा नियम. जागा कमी पडू लागली की नव्या इलेक्ट्रॉनला अधिकाधिक वेगाच्या अवस्थेत जावं लागतं, आणि त्या वेगातून दाब तयार होतो. तापमानाशी या दाबाचं जवळजवळ काही देणंघेणं नाही. तारा पार थंड झाला तरी तो टिकतो.

इथे एक छोटा मुक्काम करू, ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरात. ऐन पावसाळ्यात पिल्स्ना नावाचं जहाज युरोपकडे निघालं आहे. त्यावर एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर आहेत. इंग्लंडमधल्या केंब्रिजचे राल्फ फाउलर यांनी १९२६ साली दाखवलं होतं की श्वेतबटूला इलेक्ट्रॉनांचा हा दाब सावरतो. चंद्रशेखर त्या गणिताला एक प्रश्न विचारतात: इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचले तर? सापेक्षता आणली की दाब पुरेसा वाढत नाही, आणि वजनाला एक मर्यादा येते. आज आपण ती सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतो. अतिनवताऱ्यांचा सगळा हिशेब या मर्यादेच्या आसपास फिरतो.

परत त्या ताऱ्यापाशी या. एखाद्या जोडीदार ताऱ्याकडून ओढलेलं द्रव्य साठत गेल्याने किंवा दुसऱ्या श्वेतबटूशी टक्कर होऊन हा तोल सुटतो. यातलं नेमकं काय, किती वेळा होतं, यावर तज्ज्ञांचा वाद अजून चालू आहे. कार्बन पेटतो तेव्हा साधा तारा फुगून थंड झाला असता. इथे दाब तापमानाला दाद देत नसल्यामुळे फुगणं उशिरा होतं आणि आग आवरत नाही. काही सेकंदांत सगळा तारा उधळतो. त्याचे थर सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर धावतात आणि त्यात बनलेलं ताजं किरणोत्सारी निकेल हळूहळू कोबाल्ट होतं, कोबाल्टचं लोखंड होतं. तीनेक आठवड्यांनी दिसणारा तेजाचा कळस या क्षयातून येतो. तेव्हा हा एक तारा कित्येक अब्ज सूर्यांएवढा उजळलेला असतो.

आता अवरक्तात थांबून पाहा, कारण इथे एक गंमत घडते. तेज कळसाला जाऊन उतरू लागतं, आणि पहिल्या कळसानंतर साधारण महिन्याभराने पुन्हा वर येतं. दृश्य प्रकाशात असा दुसरा उंचवटा ठळक दिसत नाही. बाहेर पसरणारा राख-ढग थंड होत साधारण ७००० अंशांवर आला की दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या अणूंना एकेक इलेक्ट्रॉन परत मिळतो. तशा लोखंडाकडे ऊर्जेच्या पायऱ्यांची अशी रचना असते की निळा प्रकाश गिळून तो अवरक्तात बाहेर टाकणं त्याला फार सोपं जातं. म्हणजे कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या स्फोटाच्या आलेखात जो उंचवटा दिसतो तो अणूंच्या पुंज-पायऱ्यांचा आहे. तारा टिकतो पुंज यांत्रिकीमुळे, आणि त्याचा उजेड उतरतो, चढतो तोही तिच्याच नियमांनी.

२००६ मध्ये परत येऊ. या प्रकारच्या अतिनवताऱ्यांचं कौतुक अशासाठी की त्यांचं कमाल तेज साधारण सारखं असतं. तेज ठाऊक असलं की किती मंद दिसतो यावरून अंतर निघतं. १९९८ साली दोन गटांनी याच पट्टीने दूरची अंतरं मोजली आणि विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे असं दिसलं. त्यातल्या एका गटात किर्शनर होते. त्यांचेच विद्यार्थी अॅडम रीस आणि ब्रायन श्मिट, आणि दुसऱ्या गटाचे सॉल पर्लमटर, यांना त्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं. पण पट्टी खरी आहे का ही धाकधूक मागे राहतेच. एखादा तारा मंद दिसतो तो दूर आहे म्हणून, की मध्ये धूळ आहे म्हणून? धुळीला चुकवायचं तर अवरक्तात मोजायला हवं, आणि जवळच्या, नीट पाहता येणाऱ्या ताऱ्यांवर आधी पट्टी पारखून घ्यायला हवी. पेअरिटेल रोज रात्री तेच करते आहे.

फ्रीडमन यांच्या वाट्याला जे काम आलं त्याचं वर्णन कोणत्याही बातमीत येत नाही, आणि मला ते या सगळ्या प्रवासातलं फार मोलाचं वाटतं. अतिनवतारा दीर्घिकेच्या उजेडात बुडालेला असतो. त्याचा एकट्याचा प्रकाश हवा तर दीर्घिकेचा प्रकाश वजा करायला हवा. म्हणून तारा विझेपर्यंत थांबायचं, कधी वर्षभर, आणि मग त्याच दुर्बिणीने त्याच जागेचं, आता तारा नसलेलं, चित्र घ्यायचं. अशी एकाहून अधिक चित्रं घ्यायची, कारण एका रात्रीची हवा दुसऱ्या रात्रीसारखी नसते. प्रत्येक वजाबाकीतून येणारं उत्तर थोडं वेगळं निघतं. त्या फरकावरून आपल्याला किती खात्री आहे हे ठरवायचं आणि ते आकड्याशेजारी लिहायचं. २००८ साली याच गटाने पेअरिटेलवरच्या २१ ताऱ्यांची मोजणी प्रसिद्ध केली होती. फ्रीडमन यांनी सुधारलेल्या रीतीने तीही पुन्हा बारकाईने केली. २०१५ मध्ये त्यांच्या नावाने जी यादी छापून आली तिच्यात २००५ ते २०११ या काळातले ९४ अतिनवतारे आहेत. कोणाला ही नुसती आकड्यांची भेंडोळी वाटेल. पण दूरवरून आलेल्या प्रत्येक फोटॉनबद्दल तो कुठून आला, खरंच तिथूनच आला का, की मध्ये दुसऱ्या कोणाचा मिसळला, हे विचारायची सवय याच कामात हाडीमाशी भिनते. पुढे तीच उपयोगी पडणार आहे.

आता २०१३. तुम्ही केंब्रिजमध्येच आहात, फक्त हार्वर्डऐवजी एमआयटीत. फ्रीडमन इथे भौतिकशास्त्रज्ञ आणि विज्ञानाचे इतिहासकार डेव्हिड कायझर यांच्याबरोबर काम करत आहेत, आणि तिसरे सहकारी आहेत जेसन गॅलिकियो. या तिघांनी यंदा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आहे. त्यातला प्रश्न ऐकायला सोपा आहे. आकाशात दोन क्वाझर, म्हणजे वायू गिळणाऱ्या मोठ्या कृष्णविवरांपाशी भगभगणारे दूरचे ठिपके, निवडा. ज्या क्षणी त्यांच्यापासून आजचा प्रकाश निघाला, त्याआधी विश्वात असं काही घडलेलं असू शकतं का, ज्याचा परिणाम दोघांवरही झाला असेल?

उत्तरासाठी फळ्यावर प्रत्येक क्वाझरचा प्रकाशशंकू, म्हणजे जिथून प्रकाश त्याच्यापर्यंत पोचू शकला असता तो सगळा भूतकाळ, मागे, महास्फोटाच्या दिशेने, काढत जायचा. दोन शंकू एकमेकांना छेदले तर सामाईक भूतकाळ आहे. छेदलेच नाहीत तर नाही. विश्व स्थिर असतं तर शाळेतली भूमिती पुरली असती. पण विश्व प्रसरण पावतं आहे, आधी मंदावत आणि मग वेग घेत, म्हणून शंकूच्या कडा वाकतात. किती वाकतात हे विश्वातला पदार्थ आणि प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा यांच्या प्रमाणावर अवलंबून. ते प्रमाण माणसाला कळलं अतिनवताऱ्यांवरून आणि महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाच्या मोजणीवरून. माउंट हॉपकिन्सवरच्या रात्री आणि हा फळा यांच्यामधला सांधा हाच आहे. अंतर मोजण्याची विद्या इथे काळ मोजण्याची विद्या होते. हिशेबातून निघालं की आकाशात एकमेकांच्या अगदी समोरासमोर असलेले, ३.६५ हून जास्त ताम्रसृतीचे (ताम्रसृती म्हणजे प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला याचं माप) दोन क्वाझर घेतले तर प्रकाश सोडेपर्यंत त्यांचा महास्फोटानंतरचा भूतकाळ पूर्णपणे वेगळा असतो.

असे एकमेकांशी अनोळखी क्वाझर कशाला हवेत? त्यासाठी १९६४ ला जाऊन येऊ. सर्न प्रयोगशाळेतले जॉन बेल रजा घेऊन अमेरिकेत आले आहेत. १९३५ साली आइन्स्टाइन यांनी पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह उपस्थित केलेली शंका त्यांना सोडवायची आहे. पुंज यांत्रिकी सांगते की एकत्र जन्मलेले, गुंफलेले दोन कण दूर नेले तरी त्यांच्या मोजणीची उत्तरं एकमेकांशी जुळतात. आइन्स्टाइन यांना हा दुरून चालणारा संबंध मान्य नव्हता. त्यांना वाटे की उत्तरं जन्मतःच ठरलेली असली पाहिजेत, फक्त आपल्या सिद्धान्ताला ती दिसत नाहीत. बेल यांनी या वादाला तपासता येईल असं रूप दिलं.

दोन विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत परीक्षेला बसले आहेत असं समजा. प्रत्येकाला दोनपैकी एक प्रश्न मिळतो आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. आत जाण्याआधी त्यांनी कितीही खलबतं केली असली तरी, उत्तरं किती जुळतील याला गणिताने एक कमाल मर्यादा येते. पुढे १९६९ मध्ये रूढ झालेल्या रीतीत ती मर्यादा २ आहे. पुंज यांत्रिकीचं भाकीत २.८३ पर्यंत जातं. १९७२ मध्ये बर्कलीत जॉन क्लाउझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी, १९८२ मध्ये पॅरिसजवळच्या ओर्सेत अॅलन अॅस्पे यांनी, आणि नंतर अनेकांनी मोजून पाहिलं. जवळजवळ प्रत्येक वेळी मर्यादा ओलांडली गेली. (हे स्टुअर्ट फ्रीडमन वेगळे, आपल्या फ्रीडमन यांच्याशी त्यांच्या आडनावाचा फक्त उच्चार जुळतो.)

एक पळवाट मात्र शिल्लक राहते. पेपर फुटला असेल तर? कोणता प्रश्न येणार हे विद्यार्थ्यांना आधीच कळलं असेल तर ते वाटेल तेवढे गुण मिळवतील, आणि आपण त्याला अद्भुत म्हणत बसू. प्रयोगशाळेत प्रश्न निवडतं एखादं यादृच्छिक आकडे देणारं यंत्र. ते यंत्र आणि फोटॉनांचा उगम एकाच इमारतीत, एकाच दिवशी सुरू झालेले. दोघांच्या सामाईक भूतकाळात कुठेतरी, कशानेतरी, प्रश्न आणि उत्तरं आधीच एकमेकांशी जुळवून ठेवलेली असू शकतात. हे खरं आहे असं म्हणणारे फार थोडे आहेत. पण सगळ्या विश्वाच्या स्वरूपाविषयी निकाल द्यायचा असेल तर ही शक्यता नुसती हसून सोडून देता येत नाही, असं माझंही मत आहे.

गॅलिकियो, फ्रीडमन आणि कायझर यांनी २०१४ साली उपाय सुचवला: प्रश्नपत्रिका आकाशाकडून काढून घ्या.

एप्रिल २०१६, व्हिएन्ना. रात्र आहे. भौतिकशास्त्रज्ञ योहानेस हांडश्टायनर आणि अँटन झायलिंगर यांच्या गटाच्या संस्थेच्या गच्चीवरून गुंफलेल्या फोटॉनांच्या जोड्या सोडल्या जात आहेत. जोडीतला एक फोटॉन शहरावरच्या उघड्या हवेतून ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेच्या इमारतीकडे जातो, साधारण अर्धा किलोमीटर. दुसरा उलट दिशेला एका विद्यापीठाच्या इमारतीकडे, किलोमीटरहून थोडा जास्त. तुम्ही बँकेच्या इमारतीत खिडकीशी उभे राहा. इथे दोन दुर्बिणी आहेत. एक गच्चीवरून येणाऱ्या फोटॉनची वाट पाहते. दुसरी रोखली आहे एका ताऱ्यावर, जशी पलीकडच्या इमारतीतली दुसऱ्या एका ताऱ्यावर.

ताऱ्याचा एक फोटॉन येतो. त्याची तरंगलांबी ठरावीक सीमेहून, साधारण ७०० नॅनोमीटरहून, कमी असली तर यंत्र त्याला निळा म्हणतं, जास्त असली तर लाल. निळा आला तर गुंफलेल्या फोटॉनला पहिला प्रश्न, म्हणजे ध्रुवीकरणाची एक दिशा. लाल आला तर दुसरी. हे सगळं मायक्रोसेकंदांत आटोपायला हवं, कारण प्रकाशाला एका इमारतीपासून दुसऱ्या इमारतीपर्यंत जायला तेवढाच वेळ लागतो आणि एका खोलीतला प्रश्न दुसऱ्या खोलीत उत्तराच्या आधी पोचता कामा नये.

रंगच का निवडला? फोटॉन ताऱ्यातून निघतो तेव्हा त्याची तरंगलांबी ठरते. वाटेत ती निवडून बदलणारं काही आपल्याला ठाऊक नाही. म्हणून या क्षणी बँकेच्या खिडकीत पडणारा प्रश्न खरं तर तारा सोडताना लिहिला गेला होता. दोन ताऱ्यांपैकी जवळचा सुमारे ६०० प्रकाशवर्षांवर आहे. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा दख्खनेत बहामनी सुलतान फिरोजशहा राज्य करत होता. ताऱ्यांच्या नादाने त्यानेही १४०७ साली दौलताबादजवळ वेधशाळा बांधायला घेतली होती, ती अपुरीच राहिली. त्याच्या काळात निघालेल्या फोटॉनने आज रात्री व्हिएन्नात प्रश्न विचारला आहे, आणि उत्तर देणारा गुंफलेला फोटॉन जन्मून क्षणभरही झालेला नाही.

पण थांबा. खिडकीत येणारा प्रत्येक फोटॉन ताऱ्याचाच असेल कशावरून? शहराच्या दिव्यांचा उजेड आहे, आकाशाची स्वतःची झळाळी आहे, शोधकयंत्र कधी काहीच न येता टिकटिक करतं, आणि रंग विभागणारा आरसा थोडे लाल फोटॉन निळ्याच्या बाजूला जाऊ देतो. असा प्रत्येक चुकीचा फोटॉन म्हणजे प्रश्नपत्रिकेतला गावातच लिहिलेला प्रश्न. त्यांचं प्रमाण किती हे मोजायचं, आणि ते सगळे विद्यार्थ्यांच्या संगनमताला मदत करतात असं सगळ्यात वाईट गृहीत धरून मग निकाल लावायचा. माउंट हॉपकिन्सच्या चित्रांतून दीर्घिका वजा करणाऱ्याचंच हे काम आहे. अतिनवताऱ्यांच्या अभ्यासकाने या प्रयोगात पाहुण्यासारखं बसण्याची गरज नव्हती. प्रयोगाचा अर्धा भाग मुळात खगोलशास्त्राचाच होता.

एक फेरी तीन मिनिटांची. तेवढ्यात लाखाच्या घरात जोड्या मोजल्या जातात. निकालाचा आकडा २ ला मागे टाकून २.४ च्या पुढे जातो. फेब्रुवारी २०१७ मध्ये निबंध छापून येतो तेव्हा अर्थ स्पष्ट झालेला असतो: पेपर फुटलाच असेल तर तो निदान सहाशे वर्षांपूर्वी फुटला असला पाहिजे.

सहाशे वर्षं म्हणजे विश्वाच्या वयात काहीच नाही. म्हणून जानेवारी २०१८ मध्ये कॅनरी बेटांवरच्या ला पाल्मात या. ज्वालामुखीच्या काठावर, साधारण २४०० मीटरवर, रोके दे लोस मुचाचोस ही वेधशाळा आहे. इथे हवामान बिघडलं की रस्ता गोठतो आणि घुमट बंद राहतात. मोठ्या दुर्बिणींच्या मोजक्या रात्री मिळतात, त्या ढगांनी खाल्ल्या तर परत मिळत नाहीत. एका बाजूला ४.२ मीटरची विल्यम हर्शेल दुर्बीण, दुसऱ्या बाजूला ३.५८ मीटरची गॅलिलिओ राष्ट्रीय दुर्बीण, दोघींमध्ये जवळपास किलोमीटरचं अंतर, आणि मधे कुठेतरी गुंफलेले फोटॉन बनवणारं यंत्र. डॉमिनिक राउख यांच्याकडे या प्रयोगाची धुरा आहे. निबंधावरच्या नावांत झायलिंगर, कायझर, गॅलिकियो, ॲलन गुथ आणि फ्रीडमन आहेत.

या खेपेला तारे पुरत नाहीत. क्वाझर हवेत, आणि ते मंद असतात. इतक्या मोठ्या आरशांशिवाय मायक्रोसेकंदांच्या शर्यतीला पुरतील इतके फोटॉन मिळणारच नाहीत. निवडलेल्या एका क्वाझरचा प्रकाश ७८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. दुसऱ्याचा १२२० कोटी वर्षांपूर्वी.

त्या दुसऱ्याच्या फोटॉनबरोबर एकदा येऊन पाहा. मोठं कृष्णविवर वायू गिळतं आहे आणि आत पडताना तो वायू तापून भगभगतो आहे. विश्वाचं वय दीडशे-पावणेदोनशे कोटी वर्षं आहे. तुम्ही निघता. वाटेत एक दीर्घिका आपल्या गुरुत्वाकर्षणाने तुमचा मार्ग वाकवते आणि हा प्रकाश एकवटते, म्हणून तर पृथ्वीवर तो दिसण्याइतका उजळ आहे. (याच क्वाझरभोवती २०११ मध्ये पाण्याच्या वाफेचा अवाढव्य साठा सापडला.) साडेसातशे कोटी वर्षं उलटतात तेव्हा कुठे सूर्य जन्मतो. तुमच्या मागची पोकळी ताणत जाते, तुमची तरंगलांबी जवळपास पाचपट होते. ज्वालामुखी समुद्रातून वर येऊन बेट बनतो, त्यावर माणसं येतात, घुमट बांधतात. एका आरशावर तुम्ही पडता आणि यंत्र नोंद करतं: लाल.

त्या एका शब्दाने एक प्रश्न ठरला. दुसऱ्या दुर्बिणीत दुसऱ्या क्वाझरने दुसरा ठरवला. अशा सुमारे तीस हजार जोड्यांची मोजणी झाली, प्रत्येक फेरी पंधराएक मिनिटांची. मर्यादा पुन्हा ओलांडली गेली, इतक्या ठामपणे की निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता १००००० कोटी कोटींत एकीहूनही कमी भरते. संगनमत झालंच असेल तर ते ७८० कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याआधी. या प्रयोगावर ज्या ज्या जागेतून आणि काळातून काही परिणाम होऊ शकला असता त्यातला ९६ टक्के भाग संशयातून बाहेर गेला.

उरलेले चार टक्के सोडून द्यावेत असं अनेकांना वाटतं. २०१९ मध्ये फ्रीडमन, गुथ, मायकेल हॉल, कायझर आणि गॅलिकियो यांनी छापलेला निबंध वाचला की तसं वाटत नाही. फसवणूक जमायला पेपर किती फुटावा लागेल, याचं त्यांनी गणित केलं. संपूर्ण प्रश्नपत्रिका बाहेर येण्याची गरजच नाही. प्रत्येक प्रश्नामागे माहितीच्या एका बिटचा छोटासा अंश कळला तरी मर्यादा पुंज यांत्रिकीइतकीच ओलांडून दाखवता येते. इतकी बारीक फट पुरत असेल तर ती बुजवण्यासाठी मागे, आणखी मागे जाण्याचा हट्ट रास्तच आहे. २०२२ मध्ये क्लाउझर, अॅस्पे आणि झायलिंगर यांना नोबेल मिळालं तेव्हा हा विषय संपल्यासारखं बोललं गेलं. काम तर उरलेलं आहे.

ते कुठे उरलं आहे हे २०१३ च्या फळ्यावर लिहिलेलंच आहे. ला पाल्माच्या दूरच्या क्वाझरची ताम्रसृती ३.९ आहे, म्हणजे ३.६५ ची अट तो एकटा पार करतो. त्याला हवा आहे आकाशाच्या बरोब्बर दुसऱ्या बाजूचा, तितकाच दूरचा, तितकाच उजळ जोडीदार. असे दोघे एकाच डोंगरावरून पाहायचे तर एक उगवताना आणि दुसरा मावळताना, दोघेही क्षितिजावरच्या जाड हवेतून गढूळ दिसतात. म्हणून दुर्बिणी हजारो किलोमीटर लांब न्याव्या लागतील, किंवा अवकाशात. आणि त्यांच्यामध्ये गुंफलेल्या फोटॉनांची जोडी वाटेत न हरवता दोन्हीकडे पोचवावी लागेल.